गुलमंडी दोनदा रिकामी झाली

डोळे उघडा. तुम्ही गुलमंडीच्या भर चौकात उभे आहात आणि आसपास एकही माणूस नाही.

ऊन सकाळचंच आहे, पण थंडी सरत आल्यामुळे त्याला आतापासून धार चढलीय. समोर केळ्यांची हातगाडी. केळी आहेत, तराजू आहे, गाडीवाला नाही. भिंतीला टेकवलेल्या सायकली दिसतात, त्यांतल्या एकीच्या हँडलला दुधाची किटली अडकवलेली. कुलूप एकीलाही नाही. चहाच्या हॉटेलात डोकावून बघा. टेबलावर आजचा ‘मराठवाडा’ अर्धा उघडा पडलाय, शेजारच्या कपातल्या चहावर साय धरलीय. स्टोव्हची वात मात्र कुणीतरी आठवणीने बारीक केलेली आहे. म्हणजे जो गेला तो घाबरून पळालेला नाही. परत यायच्या हिशेबाने गेलाय.

पैठण गेटकडे नजर टाका. तिकडेही तेच. एक रिक्षा रस्त्याच्या कडेला उभी आहे आणि तिचा मीटर पाडलेला आहे. म्हणजे आत प्रवासी होता. तोही नाही आणि रिक्षावालाही नाही. रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं पाय ताणून झोपलंय. एरवी या जागी त्याला कुणी अर्धं मिनिटही झोपू दिलं नसतं. मुलांचा आवाज नाही, लुनाची फटफट नाही, भांड्यांच्या दुकानातला खणखणाट नाही.

जग बुडाल्यावर एखाद्या लहान गावाचं काय होतं, यावरच्या मालिका तुम्ही पाहिल्या असतील. अमेरिकेत २००६ साली ‘जेरिको’ आली होती. कॅन्ससमधलं छोटं गाव, क्षितिजावर अणुस्फोटाचा ढग, मग फोन बंद आणि बातम्या बंद. दुसऱ्याच भागात किरणोत्सारी पाऊस येऊन ठेपतो आणि सगळं गाव तळघरांत आणि खाणीत दाटीवाटीने जाऊन बसतं. वर रस्ते मोकळे, खाली माणसांना श्वास घ्यायला जागा नाही. तो भाग पाहिला असेल तर आठवून ठेवा, कारण आत्ता गुलमंडीवर नेमकं तेच झालंय. फक्त ढग कुठे दिसत नाही.

आता कान द्या.

आधी वाटतं, लांबवर कुठे तरी एकच गाणं चाललंय. मग लक्षात येतं की ते लांब नाही. ते समोरच्या माडीवरून येतंय, मागच्या वाड्यातून येतंय, डावीकडच्या बोळातून येतंय, आणि सगळीकडून एकाच क्षणी तोच सूर, तोच शब्द. सगळ्या शहराला जणू एकच गळा आहे. वर बघा. कौलांवर, गच्च्यांवर अॅल्युमिनियमच्या दांड्यांचं रान उगवलंय आणि साऱ्या दांड्यांची तोंडं एकाच दिशेला वळलेली आहेत.

“अहो, बाहेर काय उभे राहिलात? सुरू झालं ना!”

दाराच्या फटीतून एक हात बाहेर येतो, तुमचं मनगट धरतो आणि तुम्हाला आत ओढतो. साल १९८७, वार रविवार, वेळ साडेनऊच्या पुढे चार-पाच मिनिटं. गावाचं नाव अजून औरंगाबाद आहे.

चपला बाहेर काढा, पण कुठे काढल्या ते नीट लक्षात ठेवा. उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग इतका मोठा आहे की घरात लग्न असावं असं वाटतं. अंगणातून सोप्यात, सोप्यातून माजघरात. इथे दार उघडायलाच जागा नाही, कारण दारामागे दोन पोरं उभी आहेत. तुम्ही अंग चोरून आत शिरता आणि पहिल्यांदा वास येतो. शिकेकाईने धुतलेल्या ओल्या केसांचा, खोबरेल तेलाचा, उदबत्तीचा, त्यात घामाचा, आणि स्वयंपाकघरातून येणाऱ्या मुरमुऱ्यांच्या सुशीलाच्या फोडणीचा. मुरमुरे भिजवून ठेवलेत, फोडणी देऊन झालीय, पण परतणारीच बाहेर येऊन बसलीय. आता ती कढई सव्वादहापर्यंत तशीच राहणार.

खोली दहा बाय बारा असेल. माणसं किती आहेत ते मोजायच्या फंदात पडू नका, कारण खिडकीच्या गजांना बाहेरून लटकलेल्यांना धरायचं की नाही यावरून भांडण होईल. पुढे जमिनीवर लहान पोरं, इतकी पुढे की दर दोन मिनिटांनी कुणीतरी ओरडतं, “मागे सरका, डोळे फुटतील!” त्यांच्या मागे बायका, मांडीवर तान्ही पोरं. पलंगावर म्हातारी माणसं. भिंतीला टेकून पुरुष, त्यात हातात अजून तराजूचं वजन घेऊन आलेला केळीवाला, खाकी शर्टातला रिक्षावाला आणि त्याच्या शेजारी त्याचा प्रवासी. मागच्या गल्लीतल्या खाला दोन नातवंडांना घेऊन दाराजवळच्या कोपऱ्यात बसल्यात. दर रविवारी तिथेच बसतात. ती जागा त्यांच्यासाठी कुणी न सांगता मोकळी राहते.

आणि या सगळ्यांच्या समोर, भरतकामाचं कापड बाजूला सारून, लाकडी पेटीची सरकती दारं उघडून, तो. कृष्णधवल. वर बाळकृष्णाची मूर्ती, खाली स्टॅबिलायझर. त्या स्टॅबिलायझरची घरघर अखंड चालू आहे आणि व्होल्टेज खाली-वर झालं की तो टक्क करतो. त्या टक्कसरशी सगळ्या खोलीचा श्वास अडकतो. कुणीतरी पडद्याला हळदकुंकू वाहिलंय. काचेवरचा कुंकवाचा ठिपका नेमका राजा दशरथाच्या गालावर येतो.

माईंना विचारा हे कोण. या घरातली सगळ्यात वडीलधारी बाई, पलंगाच्या उशाशी बसलेली. त्या तुमच्याकडे न बघता सांगतील. “दशरथ म्हणजे आपले बाळ धुरी. कौसल्या झालीय ती जयश्री गडकर. खरोखरचे नवरा-बायको आहेत दोघं.” या घराला त्याचा केवढा अभिमान आहे! अयोध्येच्या राजवाड्यात आपली माणसं बसलीत. वसिष्ठ दिसले की माई दोनदा हात जोडतात, एकदा वसिष्ठांना आणि एकदा साईबाबांना, कारण सुधीर दळवींना त्यांनी शिर्डीच्या साईबाबांच्या भूमिकेत आधी पाहिलंय. मंथरेसाठी ललिता पवार यायच्या आहेत हे कुणीतरी कुठेतरी वाचलंय आणि माई तिला शिव्या द्यायला आतापासून तयार आहेत. अयोध्या डहाणूच्या पुढे, उंबरगावला उभी केलीय, असंही एका कोपऱ्यातून कुणी सांगतं. त्याला चूप बसवतात. अयोध्या अयोध्येतच आहे.

आज ‘रामायणा’त विश्वामित्र आलेत. राक्षस यज्ञ मोडतात म्हणून त्यांना राम हवाय. दशरथाचा चेहरा पडतो आणि कॅमेरा सावकाश त्या चेहऱ्यावर जातो. मग वसिष्ठांच्या चेहऱ्यावर. मग एकेका दरबाऱ्याच्या. मग पुन्हा दशरथावर. तुम्ही एकविसाव्या शतकातून आलात, तुमचा अंगठा आपोआप हलायला लागेल, पुढे सरकवायला. हलवू नका. खोलीतल्या माणसांकडे बघा. पडद्यावर जेवढा वेळ तो चेहरा आहे तेवढा वेळ इथली प्रत्येक आई आपलं पोर सोळाव्या वर्षी कुणी मागायला आलं तर काय करील याचा विचार करतेय. खालांनी नातवाच्या डोक्यावर हात ठेवलाय. केळीवाल्याने वजन खाली ठेवलंय. या संथपणाला पुढे लोकांनी नावं ठेवली. मला वाटतं, या खोलीत बसल्याशिवाय त्याबद्दल बोलू नये. इतक्या जणांना एकाच वेळी गलबलून यायचं तर तेवढा अवधी लागतो.

टक्क.

पडदा आकसत आकसत एक पांढरा ठिपका होतो आणि विझतो. पंखा थांबतो. अर्धा क्षण कुणी काही बोलत नाही. मग सगळे एकदम बोलतात.

“लाईट गेली!”

“आपलीच की सगळ्यांची?”

पोरं गच्चीवर धावतात आणि वरून ओरडतात, “सगळ्यांची!” आता मघाचा ओसाड चौक बघा. वाड्यावाड्यांतून माणसं भळाभळा बाहेर पडतायत, अनवाणी, कारण चपला शोधायला वेळ कुणाला आहे. कुणी वीज मंडळाच्या नावाने बोटं मोडतंय, कुणी नुसतंच वर तारांकडे बघतंय. कुत्रं उठून बाजूला झालंय. तेवढ्यात बातमी येते: कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे १४ इंची पोर्टेबल आहे आणि तो बॅटरीवर चालतो. बॅटरी? डॉक्टरांच्या गाडीची काढा! डॉक्टर स्वतः बनियनवर पाना घेऊन बॉनेट उघडतायत. दोन पोरं ती जड बॅटरी पोत्यावर ठेवून पळत आणतात, ॲसिडचा आंबूस वास मागे सोडत. चिमटे लागतात. एक ठिणगी उडते, सगळे मागे सरतात आणि लगेच दुप्पट पुढे येतात.

आधी मुंग्या. नुसत्या मुंग्या, आणि खरखर.

“अँटेना फिरव! अजून! थांब, थांब, मघाचं बरं होतं!”

आणि मुंग्यांमधून विश्वामित्रांची दाढी आकार घेते. तुमच्या पुढे सहा-सात रांगा आहेत. तुम्हाला पडदा म्हणून दिसतोय तो एका माणसाचा कान आणि त्याच्या पलीकडे टिचभर उजेड. कुणाची तरी कोपर तुमच्या बरगडीत आहे. मानेवर मागच्याचा श्वास, त्याला सुपारीचा वास. पुढचा माणूस ऐकू न येणाऱ्यांसाठी संवाद मोठ्याने सांगतोय आणि त्यात स्वतःची भर घालतोय. खाला मागे उभ्या आहेत हे पाहून रेडिओवाला आपलं स्टूल डोक्यांवरून पुढे पाठवतो, हातोहात. “बैठो अम्मा, बैठो.” ते स्टूल तुमच्याही हातातून जाईल. त्याचा एक पाय लुळा आहे, सांभाळून धरा.

वाड्यातून किंचाळी येते, “आली!” आणि सगळी झुंड उलटी वळते. तुम्ही पुन्हा माजघरात पोचता तेव्हा राम-लक्ष्मण अयोध्या सोडून निघालेले असतात. मधलं काय झालं? खिडकीबाहेरचा एकजण सांगतो, दुसरा ते खोडून काढतो. पुढचा अख्खा आठवडा यावर वाद चालेल. पुन्हा बघायची सोय नाही. जे बुडालं ते एकमेकांना विचारूनच भरून काढायचं.

दहा वाजून जातात. जाहिराती लागतात आणि चौकात कुणी बांध फोडावा तशी माणसं येतात. रिक्षाचा मीटर तसाच चालू आहे. पैशांवरून हुज्जत सुरू होण्याआधीच प्रवासी आणि रिक्षावाला ताटका पुढच्या रविवारी येणार का, यावर बोलत निघून जातात. केळीवाला केळी मोजतो. एकही कमी नाही.

तुम्ही निघताना माई हातावर सुशीलाची बशी ठेवतात. गरम आहे, वर शेंगदाणे, कोथिंबीर. खाऊन घ्या. पुढचा प्रवास लांबचा आहे.

तीच जागा. ३३ वर्षं पुढे. मार्च २०२० चा शेवटचा शनिवार, सकाळचे नऊ वाजत आलेत.

चौक पुन्हा रिकामा आहे. आता तुम्ही शहाणे झालात, तुम्ही आधी कान द्याल. द्या. काही नाही. कबुतरांच्या पंखांची फडफड ऐकू येते. गुलमंडीवर पंखांचा आवाज ऐकू येतो, हेच किती भयंकर आहे! दुकानांची शटर्स खाली आहेत आणि या वेळी प्रत्येकाला कुलूप आहे. हातगाडी आहे, पण उलटी करून साखळीने खांबाला बांधलेली. बोळाच्या तोंडाशी बांबू आडवे बांधलेत. रस्त्यावर औषध फवारून गेल्याचा उग्र, नाकात चढणारा वास आहे. मधूनच घाटी रुग्णालयाच्या दिशेने रुग्णवाहिकेचा आवाज येतो, वाढतो, ओसरतो, आणि तो ओसरेपर्यंत तुम्ही पाऊल उचलत नाही. कोपऱ्यावरचा पोलीस तोंडाला रुमाल बांधून उभा आहे. तो तुमच्याकडे काठीने खूण करतो: घरी जा.

इथे तुम्हाला कुणी हात धरून आत ओढणार नाही. हात धरणंच बंद झालंय.

वाडा पाडून त्या जागी तीन मजले उभे राहिलेत. जिन्याच्या पायथ्याशी बादली, साबण, सॅनिटायझरची बाटली. हात धुवा, पुन्हा धुवा, कोपराने दार ढकला. पहिल्या मजल्यावर माई आहेत, नव्वदीला टेकलेल्या, त्याच पलंगावर. खोली मोठी झालीय आणि त्यात चार माणसं आहेत. भिंतीवर चपटा टीव्ही. मुलगा घरी आहे, कारण वाळूजची कंपनी बंद आहे. नात घरी आहे, कारण परीक्षा पुढे गेलीय. आज कोणता वार, यावर तिघांची तीन मतं आहेत. दिवसांची नावंच गळून पडलीत.

नऊ वाजतात आणि दूरदर्शनवर तेच सूर सुरू होतात.

माई उठून बसतात. “आज रविवार आहे का?”

“शनिवार आहे, आजी. आता रोज लागणार आहे. सकाळी नऊ आणि रात्री नऊ.”

एवढ्यात शेजारच्या घरातूनही तेच गाणं ऐकू येतं, पण मागून. यांचा केबल, त्यांची डिश. दोन-तीन सेकंदांचं अंतर. वरच्या मजल्यावर आणखी उशिरा. इथे एक वाक्य संपतं तेव्हा पलीकडे ते सुरू होतं, आणि वर त्याच्याही नंतर. मघाशी सगळ्या शहराला एक गळा होता. आता प्रत्येक घर आपापल्या वेळेत एकटं ऐकतंय. पुढे १६ एप्रिलच्या रात्रीच्या भागाला देशभर ७ कोटी ७० लाख माणसं बसली होती असं दूरदर्शन सांगेल. तेवढा मोठा आकडा, आणि त्या सगळ्यांत तुमच्या बरगडीत रुतणारी एक कोपर नाही.

पडद्यावर रंग आहेत. माई थबकतात. ज्या जागी त्यांनी ते सारं करडं पाहिलं, त्याच जागी त्या आज कौसल्येच्या साडीचा रंग बघतायत. “जयश्री गेली ना रे?” “गेली, आई. २००८ ला.” त्या मान हलवतात. खाला कधी गेल्या ते त्यांना विचारू नका. त्यांनाच आठवलंय, आणि दाराजवळच्या कोपऱ्याकडे त्यांनी पाहिलंय.

दुपारी बाहेर पडता येईल. खालच्या मजल्यावरच्या पोराकडे टाळेबंदीत फिरायचा पास आहे, तो जेवणाची पाकिटं वाटायला जातो. तोंड बांधून त्याच्या गाडीवर मागे बसा. क्रांती चौक मोकळा, सिग्नल कुणासाठीही नाही तरी लाल-हिरवा होतोय. जालना रोडला लागलात की मात्र कळेल, रस्ता रिकामा नाही. कडेकडेने माणसं चालतायत. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, पायांत झिजलेल्या स्लिपर. कंपन्यांत, बांधकामांवर राबणारे, आता काम नाही आणि भाडं द्यायला पैसे नाहीत म्हणून घराच्या दिशेने निघालेले. डांबराची धग चपलेतून वर येतेय, तुम्हाला गाडीवर बसूनसुद्धा जाणवतेय. पाकीट हातात दिलं की ते आधी पोराला देतात, पाणी मागतात आणि बसत नाहीत. बसलं की उठवत नाही, असं एक बाई सांगते.

हाच रस्ता पुढे करमाडला जातो. तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर १६ मजूर मालगाडीखाली जाणार आहेत. जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले, गाड्या बंद आहेत असं समजून दमून रुळांवरच झोपलेले. त्यांच्या पोळ्या तिथे विखुरलेल्या सापडतील. आत्ता या रस्त्यावर ते कुणालाच माहीत नाही, आणि तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटलं तरी काळाच्या प्रवाशाचं कुणी ऐकत नाही. पाकिटं संपेपर्यंत वाटत राहा. तेवढंच तुमच्या हातात आहे.

रात्री नऊला परत या. उकाडा आहे, भिंती दिवसभराचं ऊन परत देतायत. माईंनी आज एक हुकूम सोडलाय. टीव्ही भिंतीवरून काढायचा, स्टुलावर ठेवायचा आणि त्याचं तोंड जिन्याकडे करायचं. दार सताड उघडं. “ज्याला बघायचंय त्याने आपापल्या पायरीवर बसावं. सहा फूट ना? मग एकेक पायरी सोडून बसा.” मुलगा नाही म्हणून बघतो. माईंपुढे कुणाचं चाललंय?

समोरच्या घरातले काका उंबऱ्यावर खुर्ची टाकतात. वरच्या मजल्यावरची पोरं जिन्याच्या गजांतून पाय खाली सोडून बसतात. तळमजल्यावरची नवी सून पहिल्या पायरीवर, मास्क लावून, पदर सावरून. तिने या घरातल्या कुणाचं तोंडच अजून नीट पाहिलेलं नाही. आपापले टीव्ही बंद करून आलेत सगळे. आता मागून येणारा आवाज नाही. अयोध्येत चार पाळणे हलतायत आणि जिना भरलाय. कुणीतरी वरून दोरीने चिवड्याचा डबा खाली सोडतं, आणि ज्याने त्याने आपल्या वाटीत घ्यावा, डब्यात हात घालू नये, यावर वरून सूचनांचा मारा सुरू होतो. नात माईंना विचारते, एवढा वेळ नुसते चेहरेच का दाखवतात? माई तिला सांगायला तोंड उघडतात.

“नळ आला!”

तळमजल्यावरून. जिन्यातली सगळी माणसं ताडकन उठतात. चार दिवसांनी पाणी आलंय आणि ते किती वेळ राहील ते सांगता येत नाही. या शहरात पाण्यापुढे अयोध्याही थांबते. “मोटार लावा! पाइप कुठंय? आधी पिण्याचं भरा!” घागरी खणखणतात, बादल्या जिन्यावरून हातोहात खाली जातात, सहा फुटांचं अंतर कुणाला आठवत नाही, आणि माई पलंगावरून तुमच्याकडे बोट करून ओरडतात, “तुम्ही काय बघत बसलात? ती कळशी उचला!”